तळाच्या तीन पायऱ्या

२३ जुलै

मामा,

नमस्कार-बिमस्कार आधीच उरकून घेतो, कारण पुढे सगळा राग आहे.

बाबांचं पत्र आलं. चार ओळींचं. त्यातली चौथी ओळ अशी: "बाहुल्या रंगवून झाल्या असतील तर परीक्षेचा फॉर्म भर." मी उत्तर दिलेलं नाही आणि देणारही नाही. तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं ते काही बाहुल्यांसाठी नाही सोडलं. फोनवर त्यांच्याशी भांडणच होतं. तुझी गोष्ट वेगळी. खोटे दात घडवायच्या, घासायच्या यंत्रांनी तुझे कान गेलेत, त्यामुळे तुझ्यावर ओरडायचं तर कागदावरच ओरडावं लागतं.

तू विचारलं होतंस की मी इथे नक्की करतो काय. तर ऐक. टेबलावर लढाया खेळणारे लोक असतात. चांगली नोकरदार, टक्कल पडलेली माणसं. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर पडकी घरं, पूल, भिंती, आणि अंगठ्याएवढ्या शिपायांचं सैन्य. फासे टाकतात, टेप लावून अंतर मोजतात आणि अर्ध्या इंचावरून तासभर हुज्जत घालतात. ते सैन्य आणि ती घरं मी रंगवतो. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीखाली माझी जागा आहे. आधी प्रायमर, मग अंगाचे रंग, मग पातळ काळपट रंग सोडायचा म्हणजे तो कपड्यांच्या चुण्यांत उतरतो, मग कोरड्या ब्रशनं कडा उजळायच्या. शेवटी बेस, म्हणजे पायाखालची चकती. तिच्यावर गोंद, वाळू, दगड म्हणून बुचाचे तुकडे, खोटं गवत. वार्निश फवारायला मात्र डबे घेऊन तीन जिने चढून गच्चीवर जावं लागतं. मागचं अंगण जवळ आहे, पण शेजारच्या लाँड्रीच्या वाफेचा पाइप तिथेच सुटतो.

सध्या मोठं काम हातात आहे. इथल्या क्लबला वर्षाच्या मुख्य सामन्यासाठी नदीकाठचं उद्ध्वस्त गाव आणि बावन्न शिपाई हवेत. बारा घोडेस्वार दुकानातल्या खोक्यातले, तयार प्लास्टिकचे. बाकी चाळीस पायदळ आणि अख्खं गाव ती काढते. ती म्हणजे प्रिंटरवाली. शिपाई कॉम्प्युटरवर स्वतः घडवते, रेझिनच्या प्रिंटरवर, म्हणजे पातळ राळेचे थर चढवून वस्तू घडवणाऱ्या यंत्रावर, छापते, धुते, जांभळ्या दिव्याखाली पक्के करते. प्रिंटर तिचा स्वतःचा आहे, दुकानात फक्त जागा घेतली आहे. निळा एप्रन घालते, धुऊन धुऊन विटलेला. बोलते कमी, माझ्याशी त्याहून कमी. पुढचं विचारू नकोस.

तिचं एकच चुकतं. प्रत्येक बेसच्या तळाला एक खाच येते, नेमकी एकाच जागी. यंत्राचा दोष असणार. मी दरवेळी तिथे पुट्टी भरतो, घासून सपाट करतो आणि वर माझा लाल ठिपका देतो. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कामाखाली तो असतो. खाचेचं तिला बोललो नाही. उगाच वाईट वाटेल.

सोबत एक निशाणवाला पाठवतो. बावन्नाच्या बाहेरचा, तुझ्यासाठी जादा मागून घेतला. मामासाठी म्हटल्यावर तिनं तो दोनदा छापला, कारण पहिल्याच्या झेंड्याची काठी किंचित वाकडी आली होती. भिंग लावून बघ आणि मग सांग, ही बाहुली आहे का.

तुझा भाचा


२९ जुलै

भाचेबुवा,

निशाणवाला पोचला. एका बाईंच्या दाढेचं काम बाजूला ठेवून त्याला भिंगाखाली धरला. बुबुळं एका रेषेत आहेत. एकतीस वर्षं दात रंगवतो आहे, दोन दात शेजारी ठेवून एकाच रंगाचे काढणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो, हात चांगला आहे. ओल्या फडक्यानं पुसून पाहिला, रंग हलला नाही. बाहुली नाही. तसं मी तुझ्या बाबांना कळवलंही आहे. त्यांनी माझं ऐकण्याचा प्रश्न नाही, ते माझ्या बहिणीचंही ऐकत नाहीत.

झेंड्याच्या निळ्याचं मात्र कोडं पडलं. बाकी सैनिकाचा एकेक धागा कडक, आणि झेंडा तेवढा विटका. लढाईवर विटका झेंडा कोण नेतो? मग तुझं पत्र परत वाचलं, एप्रनपाशी थांबलो. पुढचं विचारू नकोस म्हणाला आहेस, विचारत नाही.

खाचेबद्दल तिला सांग. दुसऱ्याच्या कामातला दोष गुपचूप बुजवणं हा काही उपकार नव्हे. तिला कळलंच नाही तर ती सुधारणार कशी? आणि दोष नसेल तर तुला कळणार कसं?

बाबांना उत्तर लिही. चारच ओळी लिही, त्यांच्यासारख्या.

मामा


६ ऑगस्ट

मामा,

सत्यानाश झाला. बावन्नच्या बावन्न पांढरे पडले. पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखे. चेहरे गेले, पट्टे गेले, घोड्यांचा तांबूस गेला, सगळ्यावर दुधाची साय. पाच आठवड्यांचं काम. शनिवारी शेवटचं मॅट वार्निश मारलं, वाळायला ठेवलं, तासाभरानं झाकण काढलं तर हे. मी तिथेच जमिनीवर बसलो.

कारण मला कळलं आहे. रेझिन कच्चं राहिलं. दिव्याखाली पुरतं ठेवलं नाही की ते आतून पाझरत राहतं आणि वरचा रंग खातं. या धंद्यात हे कुणालाही विचार. बाईसाहेबांना हल्ली दिव्याकडे लक्ष द्यायला वेळ कुठे असतो? क्लबातला एक आहे, ताडासारखा, सगळे त्याला लांबुडका म्हणतात. तो दर दोन दिवसांनी येऊन उभा. कसलासा पूल छापून हवा आहे म्हणे. एका पुलासाठी माणूस नऊ वेळा येतो?

रविवारी क्लबची मंडळी दुकानात जमतात. अकरा जण होते. ती आली. मी डबा उघडून तिच्यासमोर धरला आणि म्हणालो, "तुला साधं रेझिन पक्कं करता येत नाही आणि चाललीस सैन्य घडवायला." हळू नाही म्हणालो. पुढेही बरंच बोललो, ते लिहीत नाही. ती फवारणीचं काहीतरी सांगायला लागली, मी म्हटलं, आता कारणं नकोत. तिनं एप्रन काढून खुंटीला लावला, प्रिंटरची वायर काढली, गुंडाळली, अगदी नीट गुंडाळली, आणि लांबुडक्यानं तो प्रिंटर उचलून तिच्यासाठी रिक्षात ठेवला. उचलणारच.

क्लबनं तिचं पुढचं काम काढून घेतलं. आठ टेबलांची घरं-भिंती ती करणार होती, वर्षभराचं काम. ते म्हणाले, रंगवणाराच म्हणतो आहे माल कच्चा, तर कशाला. आता गावभर झालं आहे की तिचं रेझिन पाझरतं. बरं झालं. मला वाईट वाटत नाही. अजिबात नाही. तू विचारायच्या आत परत लिहितो, नाही.

मुख्य सामना आठ सप्टेंबरला आहे आणि माझ्याकडे बावन्न भुतं आहेत.

एप्रन अजून खुंटीलाच आहे. न्यायला कुणी आलं नाही.

तुझा भाचा


१० ऑगस्ट

भाचेबुवा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा मामा म्हणून वाचलं आणि हळहळलो. दुसऱ्यांदा कारागीर म्हणून वाचलं आणि आता मला काही गोष्टी सांग.

बारा घोडेस्वार खोक्यातले होते ना? तिच्या यंत्राशी त्यांचा संबंध काय? तिचं रेझिन कच्चं, म्हणून तिचे चाळीस पाझरले, हे मी समजू शकतो. पण तुझ्या पत्रात बावन्न पांढरे झालेत. घोड्यांना काय शेजाऱ्यांचा संसर्ग झाला?

माझ्याकडचा निशाणवाला तिच्याच यंत्रातला, त्याच महिन्यातला. आज त्याला नखानं दाबलं, सुईनं टोचलं, दिवसभर भट्टीशेजारी तापत ठेवला. खडखडीत आहे. चिकटत नाही, पाझरत नाही, पांढरा पडत नाही. तुला लुटुपुटूचं वाटेल, पण माझ्या बाकावर तिच्या बाजूनं बोलणारा तेवढा एकच साक्षीदार आहे आणि तो हलायला तयार नाही.

माझ्या कामात भट्टीत ओल राहिली की दात दुधाळ येतो. चिनी माती चांगली, रंग चांगला, तरी दुधाळ. वरचा शेवटचा थर दमट हवेत बसला की असं होतं. तेव्हा एवढंच सांग, ते वार्निश कुठे मारलंस?

मामा


१४ ऑगस्ट

मामा,

तू दात कर. मी तुझ्या दातांत नाक खुपसत नाही.

मला वाटलं होतं घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा आहे. तू तर वकिलासारखा प्रश्न विचारायला लागलास, आणि तेही त्या मुलीच्या वतीनं, जिला तू पाहिलेलंही नाहीस. बाबा निदान उघड विरोधात आहेत. तुझं कसं, आधी हात चांगला म्हणायचं आणि मग त्याच हातावर छडी.

घोडे तिच्या शिपायांबरोबर एकाच डब्यात झाकून ठेवले होते. तिच्या रेझिनची वाफ लागली असणार. वार्निश नेहमीसारखंच मारलं, मोकळ्या हवेत, वीतभर अंतरावरून, डबा हलवून. दोनशे वेळा मारलं आहे. ते मला शिकवू नकोस.

ती दुकानात येत नाही. समोरच्या फुटपाथवरून गेली काल. इकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हातात कुठल्याशा नोकरीच्या अर्जाचा लिफाफा होता, असं दुकानवाले म्हणाले. त्यांना बरं दिसतं लांबचं.

सामना तीन आठवड्यांवर आहे. सगळे शिपाई धुऊन, रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून करायचे ठरवलं आहे. होणार नाही. तरी करणार.

भाचा


१९ ऑगस्ट

भाचेबुवा,

आता माझी पाळी. मला राग उशिरा येतो, हे तुझ्या आईला विचार. आणि आला की लवकर जात नाही, हे मामीला विचार.

मोकळ्या हवेत मारलं म्हणतोस. पहिल्या पत्रात तू गच्चीचे तीन जिने मोजून लिहिले होतेस, अंगणातला वाफेचा पाइपही लिहिला होतास. या पत्रात गच्ची हा शब्द नाही. गच्चीवर मारलं असतंस तर गच्ची लिहिलं असतंस. तू वाफेच्या पाइपाशेजारी उभं राहून ते वार्निश मारलंस. वार्निश वाळताना वाफ धरून बसलं आणि पांढरं झालं. रेझिनचा काही संबंध नाही. तुझ्या घोड्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिनंही सांगायचा प्रयत्न केला होता. तू कारणं नकोत म्हणालास.

तुझ्या हातून वार्निश बिघडलं, त्याचा मला राग नाही. माझ्या हातून गेल्या वर्षी एका वकिलाचा अख्खा जबडा बिघडला. राग याचा आहे की स्वतःची चूक तू एका माणसाच्या नावावर चढवलीस, अकरा जणांच्या देखत, आणि त्या नावावरच तिचं काम चालतं. तुझे शिपाई सुधारतील. तिचं नाव तूच सुधारलंस तर सुधारेल, दुसरं कोणी ते करू शकत नाही, कारण बिघडवलं ते तुझ्या शब्दानं.

अजून एक आहे. बसूनच वाच.

निशाणवाल्याचा तळ बघावासा वाटला. तुझा लाल ठिपका खरवडला, खालची पुट्टी दात कोरायच्या हत्यारानं काढली, खाच भिंगाखाली धरली. तीन पायऱ्या आहेत. एकावर एक, सारख्या उंचीच्या, केसाएवढ्या, कडा धारदार. मी यंत्रांबरोबर आयुष्य काढलं आहे. यंत्राची चूक इतकी नेटकी नसते. ती तिची सही आहे, गधड्या. तू चाळीस वेळा तिची सही बुजवलीस, घासून सपाट केलीस आणि वर आपली ठोकलीस.

शिपाई धुऊ नकोस. कोरड्या दिवशी एका घोड्याला बारीक ब्रशनं जवसाच्या तेलाचा थेंब फिरव आणि बघ. ते जमेल. दुसरं काम अवघड आहे. ते झाल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

मामा


२३ ऑगस्ट

मामा,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितो. अर्धंच काम झालं आहे.

हो. अंगणात मारलं. त्या शनिवारी मी डबे घेऊन गच्चीकडेच निघालो होतो. शेवटच्या पायरीवर पोचलो तर ती आणि लांबुडका कठड्यापाशी बसले होते, मध्ये पुलाचे तुकडे मांडलेले, आणि ती हसत होती. मामा, आठ महिन्यांत माझ्या कुठल्या बोलण्यावर ती तशी हसली नव्हती. मी फक्त वार्निश मारायला आलो आहे, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी पुलाचे तुकडे सरकवून जागा दिली असती. मी उलटा फिरलो आणि तिन्ही जिने पाय आपटत उतरलो. अंगणात पाइप फसफसत होता. मला वाफ दिसत होती. तुला खोटं सांगणार नाही, दिसत होती. मी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. आणि झालं तेव्हा पहिल्या मिनिटात मला कारण ठाऊक होतं. दुसऱ्या मिनिटात मी दुसरं शोधलं.

घोड्याला तेल लावलं. तांबूस परत आला, जसा काही गेलाच नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी ब्रश मोडला. चांगला होता, दोन नंबरचा.

मग एक शिपाई उलटा केला आणि सुईनं पुट्टी काढली. तीन पायऱ्या. दुसरा काढला. तीन पायऱ्या. आठ झाल्यावर पुढे काढवेना.

तिला पत्र लिहून टाकलं आहे. सात पानं. सगळं कबूल केलं, खाचेचंही. आणि ओघात तेही लिहिलं, जे तू एप्रनपाशी थांबून ओळखलं होतंस. आता ती काय म्हणते ते बघू.

भाचा


२७ ऑगस्ट

तुझं पत्र मिळालं. अक्षर छान आहे.

अकरा माणसांसमोर ओरडलास आणि माफी पाकिटात घालून, कडेनं डिंक लावून पाठवलीस. ती वाचली मी एकटीनं. त्या अकरा जणांच्या लेखी माझं रेझिन अजून पाझरतं आहे. दोन ठिकाणी काम मागायला गेले, दोन्ही ठिकाणी आधी तेच विचारलं. तिसऱ्या ठिकाणी विचारलं नाही, तर मलाच सांगावंसं वाटलं, इतकं ते डोक्यात बसलं आहे.

मी त्या रविवारी तीनदा म्हणाले होते की हे वार्निश आहे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तू बोलत होतास. दुसऱ्यांदा तू ओरडत होतास. तिसऱ्यांदा तू श्वास घ्यायला थांबला होतास, तरी ऐकलं नाहीस. कोरड्या दिवशी चकचकीत वार्निशचा एक हात दिला असता तरी सगळं परत आलं असतं, हे मी तेव्हाच सांगितलं असतं. पाच आठवड्यांचं काम गेलं म्हणून रडत बसायची गरज नव्हती.

खाच तू बुजवत होतास हे मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रातून कळलं. खरं सांगायचं तर ओरडण्यापेक्षा त्याचा राग जास्त आला. माझे वडील गवंडी होते. प्रत्येक बांधकामात, जिथे कोणी पाहणार नाही अशा जागी, ओल्या गिलाव्यात थापीच्या टोकानं तीन पायऱ्या ओढायचे. मालकाला सांगायचे नाहीत. मी म्हणायचे, दिसतच नाही तर उपयोग काय. ते म्हणायचे, मला माहीत असतं ना. ते गेल्यावर मी माझ्या प्रत्येक कामात ती खूण घालते. आणि तू ती दोष समजून रोज घासत होतास, माझ्यापासून सात हातांवर बसून. एकदा विचारायचं होतंस. "हे काय आहे?" एवढंच.

लांबुडक्याचा पूल त्याच्या भावासाठी होता. तेही तुला सांगायला मी बांधील नाही. मी कुणाशी हसावं हे तुझ्या वार्निशवरून ठरणार नाही.

पत्रातलं शेवटचं दीड पान परत पाठवते आहे. माफीच्या पत्रात ते घालायचं नसतं. घातलं की माफी त्याची लाच होते.

रविवारी क्लब भरेल. त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, त्याच आवाजात बोल. अंगणात का गेलास त्या कारणासकट बोल, नाहीतर लोक समजतील नुसती हवा वाईट होती. मी दाराशी उभी असेन. एप्रन न्यायला यायचंच आहे.


२ सप्टेंबर

मामा,

काल रविवार होता. अवघड काम झालं. आता लिहायची परवानगी आहे असं समजतो.

गेल्या चार दिवसांत उरलेल्या सगळ्या बेसची पुट्टी काढली. सुई घसरून अंगठ्यात दोनदा गेली, बरं वाटलं. बावन्न जणांना आधी तेल, मग गच्चीवर, भर उन्हात, वार्निश. सगळे परत आले आहेत. पहिल्यापेक्षा बरे दिसतात, हे तिला सांगायची हिंमत नाही.

अकराचे तेरा होते काल. दोन नवीन, त्यांना तर काही माहीतच नव्हतं, त्यांना सुरुवातीपासून सांगावं लागलं. दुकानवाल्यांनी गल्ल्यामागून हातानं खूण केली, हळू घे. मी हळू घेतलं नाही. गेल्या वेळी जेवढा आवाज लावला होता तेवढाच लावला. फरक इतकाच की गेल्या वेळी तो आपोआप लागला होता, या वेळी तो पोटातून ओढून काढावा लागला. म्हणालो की शिपाई माझ्या वार्निशनं बिघडले. म्हणालो की तिचं रेझिन पक्कं होतं, पहिल्या दिवसापासून, आणि मला ते पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. मग थांबलो. ती दाराशी उभी होती, हात बांधून. लांबुडका टेबलाशी बसून फासा फिरवत होता.

मग तेही म्हणालो. "मी अंगणात गेलो, कारण गच्चीवर ती याच्याशी हसत होती."

एकजण फिस्सकन हसला. लांबुडका लालबुंद झाला, फासा हातातून सुटून गल्ल्याखाली गेला आणि तेवढ्या निमित्तानं चार जण तो शोधायला वाकले. मला वाटलं होतं जमीन फाटेल, पोटात घेईल. नाही फाटली. पाय तिथेच होते, कान गरम झाले होते, बस्स.

ती पुढे आली. माझ्याकडे पाहिलं नाही. डबा उघडला आणि एकेक शिपाई उलटा करून बघायला लागली. चाळीसच्या चाळीस. क्लबचे सेक्रेटरी मध्येच म्हणाले, ती आठ टेबलं तुझीच, आमची चूक झाली. ती म्हणाली, बघू, आधी लिहून द्या, आणि पुढचा शिपाई उचलला. खरंच लिहून घेतलं तिनं, त्यांच्याच पेनानं. प्रिंटर मात्र परत आणणार नाही. घरी बसूनच काम करणार आहे. मला त्याच्याबद्दल बोलायचा हक्क नाही, म्हणून बोललो नाही.

चाळिसावा पाहून झाल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. राग होता. कमी झालेला वगैरे नव्हता, चांगला भरपूर होता.

"तुझा ठिपका कुठे आहे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, खरवडला. पुट्टीबरोबर गेला. आता परत लावणार नाही, शिपाई तुझे आहेत.

ती म्हणाली, "उगाच मोठेपणा नको. रंग तू दिलास ना? मग ठिपका लाव." आणि एप्रन खुंटीवरून काढून खांद्यावर टाकताना म्हणाली, "पण बाजूला लाव."

एवढंच. गेली. माझ्याशी यापुढे कामापुरतं बोलेल की तेही नाही, माहीत नाही. विचारलं नाही. दीड पान माझ्याकडे परत आलेलं आहे, ते खणात आहे.

संध्याकाळपर्यंत बसून चाळीस ठिपके लावले. पायऱ्यांच्या बाजूला. बाबांनाही चार ओळी लिहिल्या. चौथ्या ओळीत फॉर्मबद्दल काहीच लिहिलं नाही, पण भांडलोही नाही.

एक राहिला आहे, तुझ्याकडचा एक्केचाळिसावा. त्याचा ठिपका तू खरवडलास, तेव्हा तो तूच लाव. लाल नसेल तर हिरड्यांचा गुलाबी चालेल. भिंग लाव, हात टेकव, आणि मामा, बाजूला.

तुझा भाचा